पट्टा पडेपर्यंत

धारूरचा घाट उतरून उसाची गाडी तेलगावच्या अंगाला लागली की ड्रायव्हरचे खांदे खाली येतात. पुढच्या पहिल्याच चहाच्या टपरीवर गाडी आपोआप थांबते. जानेवारीतली पहाट होती. मळीचा आंबूस वास थंडीनं जमिनीलगत धरून ठेवला होता आणि त्यात ब्रेकच्या तापलेल्या ड्रमांचा जळका वास मिसळत होता. एका जुन्या सहाचाकीचं दार सताड उघडं. सहज आत नजर गेली तर गिअरच्या दांड्याला ट्यूबची काळी पट्टी बांधलेली दिसली. दोन बोटं रुंद, ताणून ताणून मधोमध पांढुरकी पडलेली. दुसऱ्या टोकाला बादलीच्या कडीचा वाकवून केलेला हूक, आणि हूकासाठी सीटखालच्या पत्र्याला मुद्दाम पाडलेलं भोक. "तिसरा राहत नाही," ड्रायव्हर बशीत चहा ओतत म्हणाला. "उताराला रेस सोडली की टुणकन न्यूट्रलला येतो. मग हूक टाकायचा. सपाटीला काढायचा." खोलून का घेत नाहीस, असं विचारल्यावर त्यानं कारखान्याच्या दिशेला मान वळवली. "पट्टा पडला की पट्टी सोडू, दादा."

पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपणं. वाक्य झकास होतं, आणि ते त्यानं पहिल्यांदाच म्हटलेलं नसावं. टपरीवरचे दोघंतिघं हसले. गाडी गेली. पट्टी मात्र डोक्यातून जाईना.

भरल्या गाडीला उतारावर तिसऱ्या गिअरचा जो आधार असतो, तो ब्रेकपेक्षा मोठा असतो. इंजिन गाडीला मागं ओढून धरतं, धूर अडवून इंजिनाला रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक असला तर त्याचीही ताकद गिअरमधूनच चाकापर्यंत पोचते. गिअर निसटला की हे दोन्ही एका क्षणात जातात आणि सगळं वजन ड्रमांवर येतं. तापलेल्या ड्रमात ब्रेकचा लायनर पकड सोडतो. पाय तितकाच दाबलेला, हवेचा काटाही जागेवर, आणि गाडी तरी घरंगळतेच. अशा वेळी गिअर परत टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर, एवढं सगळं वळणाच्या आत करावं लागतं. वेग वाढत जातो तशी द्यायची रेसही वाढत जाते. सिंक्रो, म्हणजे गिअर पडताना वेग आपोआप जुळवणाऱ्या रिंगा, नसलेल्या जुन्या गाड्यांवर ज्यांचे हात बसलेत त्यांना हे जमतं. बाकीचे खालच्या वळणाला काय आहे ते आठवत बसतात. म्हणजे त्या पट्टीमागं नुसता आळस नव्हता, भीतीही होती.

तरीही ती पट्टी रोग वाढवते. कसा, ते कळायला गिअरबॉक्सच्या आतला एक अगदी बारीक भाग जवळून बघावा लागतो. तिसरा गिअर टाकला म्हणजे आतले मोठे दात एकमेकांत जाऊन बसतात, असं पुष्कळांना वाटतं. ते तर कायमच एकमेकांत असतात आणि कायम फिरत असतात. दांडा हलवला की मेन शाफ्टवरची एक रुंद कडी, तिला स्लीव्ह म्हणतात, ती सरकते आणि गिअरच्या कडेला असलेल्या छोट्या दातांवर चढते. हे छोटे दात, मिस्त्री लोकांच्या भाषेत डॉगचे दात, हातात घेऊन उजेडाला धरले तर दिसतं की ते सरळ कापलेले नाहीत. टोकाला किंचित रुंद आणि मुळाशी किंचित निमुळते आहेत, आणि स्लीव्हच्या आतल्या दातांनाही तसाच उलटा उतार आहे. दोघांमध्ये जोर आला की ते एकमेकांना आत ओढून घेतात. भार वाढेल तशी पकड वाढते. गिअर जागेवर राहतो तो या उतारामुळं. वरच्या कव्हरमधले बॉल आणि स्प्रिंग फक्त जागा दाखवतात, भरल्या गाडीचा जोर पेलण्याची त्यांची ताकद नसते. हा उतार झिजून दात गोलसर झाले की तोच जोर स्लीव्हला बाहेर ढकलायला लागतो. चढाला दाताची एक बाजू काम करते आणि उताराला दुसरी, त्यामुळं एखादा गिअर चढाला घट्ट राहतो आणि उताराला सुटतो. घाटाच्या वर ऊस आणि खाली कारखाना असेल तर कुठली बाजू आधी खलास होणार ते उघड आहे.

आता फोर्क. स्लीव्हच्या बाहेरून एक खाच फिरलेली असते आणि तीत फोर्कच्या दोन बोटांची टोकं बसतात. गिअर पडेपर्यंत फोर्कनं ढकलायचं आणि पडल्यावर मोकळं राहायचं, एवढंच त्याचं काम. स्लीव्ह मिनिटाला हजारावर फेरे घेत असते, फोर्क मात्र स्थिर. दांडा ताणून बांधला की ती बोटं खाचेच्या कडेवर दाबून घासत राहतात. पट्टीनं काय किंवा ड्रायव्हरच्या तळहाताच्या वजनानं काय, फोर्कला दोन्ही सारखंच. तो तापतो, निळा पडतो, एका बाजूनं झिजतो. झिजलेला फोर्क स्लीव्हला पूर्ण आत नेऊ शकत नाही, मग डॉगचे दात अर्धेच एकमेकांवर बसतात, अर्ध्या दातांवर पूर्ण भार येतो आणि ते आणखी लवकर गोल होतात. पट्टी आणखी ताणावी लागते. मधोमध पांढुरकी पडलेली ती पट्टी म्हणजे आतल्या झिजेचं मापच होतं.

पण त्याला नुसता शहाणपणा शिकवणंही अवघड आहे. गिअरबॉक्स उतरवून, खोलून, सामान आणून, परत चढवायचा म्हणजे भर हंगामात दोन दिवस तर सहज जातात, आणि सामान संभाजीनगरहून नाहीतर लातूरहून मागवायचं असेल तर तिसराही. तोवर फडात टोळीनं तोडून ठेवलेला ऊस वाळतो, वजनाला उतरतो. टोळीचे पैसे टनावर, गाडीचं भाडं टनावर. मुकादमाचा फोन सुरू होतो. उचल घेऊन बसलेल्या माणसांची पोरं पाचटाच्या खोपीत थंडीत कुडकुडत असताना ड्रायव्हरनं डॉगच्या दातांची काळजी करावी, ही अपेक्षा गॅरेजच्या फरशीवर उभं राहून करायला सोपी. भाराचंही तेच. २०१८ साली दोन धुऱ्यांच्या मालगाडीचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेलं. ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची, तिचे दात जुन्या हिशोबानं कापलेले. उसाची गाडी कुठल्याच हिशोबानं भरत नाहीत, हे वजनकाट्यावर उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

गिअर निसटतो म्हटलं की थेट गिअरबॉक्स उतरवायला धावणारे मिस्त्रीही असतात, त्यांच्यापासून सांभाळावं. आधी बाहेरचं बघायचं. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्यात रेस द्यायची, सोडायची, आणि नजर दांड्यावर ठेवायची. रेसबरोबर दांडा पुढंमागं सरकत असेल तर इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे माउंटिंग रबर बसलेले असण्याची शक्यता मोठी. सगळा सांगाडाच हलतो आणि दांडा केबिनच्या पत्र्याला अडतो. मग बेल हाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या घराचे, बोल्ट. त्यातले दोन जरी ढिले पडले तरी गिअरबॉक्स इंजिनाच्या रेषेत राहत नाही, शाफ्ट वाकड्या तोंडानं फिरतो आणि स्लीव्हला हळूहळू बाहेर काढतो. मग दांड्याखालच्या जोडणीतले बुश. ते खाल्लेले असले तर दांडा पूर्ण गेला असं हाताला वाटतं आणि आत स्लीव्ह अर्ध्यावरच असते. त्यानंतर वरचं कव्हर, ते गिअरबॉक्स न उतरवताही काढता येतं. स्प्रिंग तुटलेली किंवा बसकी असेल, बॉलला खड्डा पडला असेल, तर शंभर-दोनशे रुपयांच्या सामानात काम भागतं. कव्हर काढताना स्प्रिंग उडते, तिच्यावर चिंधी धरावी. उडालेला बॉल गिअरबॉक्समध्ये पडला तर पुढचे दोन तास तोच शोधायचा.

तेल सोडताना बघायचं ते मॅग्नेटच्या बोल्टकडं. गाडी चालवून आणावी, तेल गरम असतानाच सोडावं, म्हणजे गाळही बाहेर येतो. बोल्टावर मऊ राखाडी चिखल असेल तर ते वय, चिंता नाही. बोटावर घेऊन उन्हात धरल्यावर तेलात सोनेरी चमक दिसली तर ती पितळ आहे, म्हणजे सिंक्रोच्या रिंगा झिजतायत. पितळ मॅग्नेटला चिकटत नाही, म्हणून नुसता बोल्ट पुसून समाधान मानू नये. तेल पसरट भांड्यात घेऊन हलवून बघावं. आणि बोटाला टोचणारा कण निघाला, तर दात किंवा बेअरिंग बोलायला लागलं आहे.

कानानंही बरंच कळतं, बोनेटवर हात ठेवून डोळे मिटायची तयारी पाहिजे. गाडी उभी, न्यूट्रल, पाय क्लचवर नाही, आणि घरघर येते, क्लच दाबला की थांबते: क्लच शाफ्टचं किंवा काउंटर शाफ्टचं, म्हणजे मेन शाफ्टला समांतर फिरणाऱ्या जोडशाफ्टचं, बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच किंचाळी सुरू होते: रिलीज बेअरिंग. सगळ्या गिअरांत आवाज आणि डायरेक्टला, म्हणजे टॉपला, गाडी शांत: काउंटर शाफ्टकडं बघा, कारण टॉपला तो फिरतो पण भार घेत नाही. एकाच गिअरला आवाज असेल तर त्याच जोडीचे दात. उभ्या गाडीत रिव्हर्स टाकताना कर्रकन वाजतं, तेव्हा बहुतेक वेळा गिअरबॉक्सचा दोष नसतोच. क्लच दाबून पाच-सहा सेकंद थांबून टाकून बघायचा. तरीही वाजला तर क्लच पूर्ण सुटत नाही: लाइनमध्ये हवा आहे, पेडलचा प्ले वाढला आहे, किंवा पायलट बेअरिंग जाम झालं आहे. पावसाळाभर दाराशी उभ्या राहिलेल्या गाडीत क्लच प्लेट शाफ्टच्या खाचांवर गंजून चिकटते, तिथंही हीच तक्रार येते आणि लोक उगाच सिंक्रो बदलतात.

तेलाच्या बाबतीत आपल्याकडं जो अडाणीपणा चालतो त्यानं जीव मेटाकुटीला येतो. पितळी रिंगांच्या अशा गिअरबॉक्सला ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ प्रतीचं तेल लागतं. दुकानात मिळतं ते बहुधा डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या धुऱ्यातल्या गिअरांचं, जीएल-५, "एकच हाय की, नव्वद नंबर" म्हणून हातात दिलेलं. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते. डिफरन्शियलच्या घसटत्या दातांना ती हवीच, पण गरम तेलात ती पितळेला खाऊ शकते आणि रिंगेला नको तितकी बुळबुळीत करते. रिंगेचं काम घासून वेग जुळवायचं आहे. ती घसरायला लागली की गिअर वाजणारच. मग आवाज बसवायला कुणीतरी १४० नंबर सुचवतं. आवाज बसतो खरा. पण घट्ट तेल थंडीच्या पहाटे रिंगेच्या बारीक आट्यांमधून बाहेर सरकत नाही, दांडा दगडासारखा होतो, आणि ड्रायव्हर तो दोन्ही हातांनी ओढतो. सगळा ताण फोर्कवर. किती लिटर घालायचं, हा प्रश्नही लोक अंदाजानं सोडवतात. गाडी सपाट जागी उभी करावी, बाजूचा लेव्हल बोल्ट काढावा, भोकाच्या खालच्या कडेशी तेल येऊन ओघळायला लागलं की थांबावं. जास्त भरलं की फेस होतो, सील फोडून बाहेर येतं. आणि सील वारंवार जात असेल तर नवं सील आणण्याआधी वरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं भोक, बघावा. उसाच्या फडातली काळी माती त्यात बसून सिमेंटसारखी होते, आत दाब साचतो, आणि तेल सगळ्यात दुबळ्या जागेतून वाट काढतं. दहा रुपयांच्या भोकापायी पुढचं सील गेलं की तेल क्लच प्लेटवर. प्लेट काढल्यावर नाकाला लावून बघा: गंधकाचा उग्र वास आणि घट्टपणा असेल तर गिअरबॉक्सचं, काळं पातळ असेल तर इंजिनाच्या मागच्या सीलचं.

गॅरेजमध्ये अधूनमधून जुनी ऑटोमॅटिक गाडी येते, कुण्या पुढाऱ्याची वापरून विकलेली. तिथं सगळी गणितं उलटी. तिच्यात तेल हेच हात आणि तेल हेच पाय. क्लचच्या चकत्या दाबायच्या त्या तेलाच्या दाबानं, इंजिनाचा जोर पुढं द्यायचा तो तेलातून. म्हणून बहुतेक गाड्यांत तेल बघायचं ते इंजिन सुरू ठेवून, गरम झाल्यावर, सगळ्या गिअरांतून एकदा दांडा फिरवून, मग कंपनीनं सांगितलेल्या जागी, बहुधा पीमध्ये, म्हणजे पार्किंगला. लाल तेल तपकिरी झालं आणि जळका वास आला तर चकत्या घसरतायत. कमी तेलानं पंप हवा ओढतो आणि गिअर उशिरा पडतो, जास्त तेलानं फेस होऊन तोच आजार होतो. खालचं पॅन काढून तेल सोडलं तर निम्मंही येत नाही, बाकीचं बहुतेक इंजिनाचा जोर पुढं देणाऱ्या कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून एकदा बदलून "नवं टाकलं" म्हणण्यात अर्थ नाही. पॅनमधला मॅग्नेट पुसायचा, फिल्टर आणि पॅकिंग बदलायचं, थोडं चालवून पुन्हा तेच करायचं. नव्या ट्रकांमध्ये जे क्लचच्या पेडलाविना येतंय, ते पुष्कळदा हे नसतंच. आत तोच आपला गिअरबॉक्स, तेच फोर्क, तेच डॉगचे दात, फक्त दांड्याच्या जागी हवेवर चालणारे सिलिंडर. गिअर टाकून झाला की यंत्र हात काढून घेतं. माणसाला तेवढं जमत नाही.

पाडव्यानंतर पट्टा पडला. गाडी खरोखरच गॅरेजला आली, लिंबाखाली, चाकांना दगड लावून. मिस्त्री साठीच्या पुढचे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी बॅटरीची वायर सोडली, मागच्या चाकांकडं जोर नेणाऱ्या जॉइंट शाफ्टच्या दोन्ही फ्लँजवर पंचानं खूण केली, म्हणजे परत बसवताना तोल तोच राहील. बेल हाउसिंगच्या दोन भोकांत डोकी कापलेले लांब बोल्ट घातले आणि गिअरबॉक्स त्यांच्यावरून मागं सरकवत चेनवर घेतला. पोरं घाईत असली की हे बोल्ट घालत नाहीत, मग अख्खा गिअरबॉक्स क्लच शाफ्टवर लोंबकळतो आणि नवी प्लेट वाकते. बेअरिंगं डिझेलमध्ये धुऊन सावलीत उपडी ठेवली. एका पोरानं कॉम्प्रेसरची हवा मारून बेअरिंग गरागरा फिरवलं तर चाचांनी त्याच्या हातातून पाइपच काढून घेतला. "कोरडं बेअरिंग फिरवतोस होय रे? आवाज गोड येतो म्हणून?" सिंक्रोच्या रिंगा गिअरच्या शंकूसारख्या भागावर दाबून बसवल्या, रिंग आणि डॉगच्या मधली फट फीलर गेजनं मोजली. नव्या रिंगेला जिथं मिलिमीटरभर किंवा वर जागा राहते, तिथं तिसऱ्याला अर्धा मिलिमीटरही नव्हती. चौथ्याची ठीक. तिसऱ्याचा गिअर, स्लीव्ह आणि हब एकत्रच बदलले, कारण नव्या दातांवर जुनी स्लीव्ह चढवली तर चार महिन्यांत पुन्हा पट्टी. फोर्क शेवटी निघाला. एक बोट शाबूत, दुसरं नखाएवढं पातळ, कडेला निळं-जांभळं. ड्रायव्हरनं तो हातात घेतला, अंगठा त्या पातळ जागेवरून फिरवला आणि काही न बोलता परत ठेवला.

संध्याकाळी ट्रायलला रिकामी गाडी केजच्या रस्त्यावर काढली. तिसरा लोण्यासारखा पडला, रेस सोडली, दांडा जागचा हलला नाही. ड्रायव्हरचा डावा हात मात्र स्टिअरिंगवर गेला नाही, दांड्याच्या मुठीवरच विसावला, तळहात किंचित मागं ओढलेला. चाचांनी शेजारून त्याच्या मनगटावर पान्याची थाप मारली. हात उचलला गेला. पुढच्या वळणावर पुन्हा तिथंच.

परत आल्यावर पोरगं झाडून काढत होतं. पट्टी कोपऱ्यात पडलेली होती. चाचांनी ती उचलली, ताणून बघितली, हूक कापून भंगारात टाकला, आणि खाली लोंबणारी स्पीडोमीटरची केबल तिनंच चेसिसला बांधून टाकली.